ठकीच्या गुडघ्यातली जाळी

“पण बाई, मग माझी जाळी गेली कुठं?”

शौनकनं स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती. डॉ. इंदुमती सोहनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या बाई, टेबलावर बाभळीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या.

“विरघळली असेल.”

“इतक्यात? वर्षभर तरी टिकायला हवी होती!”

आता हा शौनक म्हणजे भलता हुशार, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. गुडघ्यात झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, पुन्हा उगवावी म्हणून त्यानं रेशमाची एक मऊ, सच्छिद्र जाळी तयार केली होती. तिच्यात मूलपेशी पेरायच्या, त्यांनी तिथं जीव धरायचा, अशी कल्पना. ती पहिल्यांदा बसवली ठकीच्या गुडघ्यात. ठकी ही आमची शेळी. कड्यावरून पडून आली तेव्हा बिचारी तीन पायांवर उभी राहायची. ऑपरेशनला शौनकनंच तिला खांद्यावर घालून नेलं होतं.

त्यानंतर मात्र तो फक्त तिचे स्कॅन बघायचा.

“एक धागासुद्धा दिसत नाही, बाई. जाळीच्या जागी आहे ते सगळं आजूबाजूच्यासारखंच. तिचं कुठलं, माझं कुठलं... काही ओळखू येत नाही!”

“अरेरे,” बाई म्हणाल्या.

“मी उद्या गुडघा पुन्हा उघडतो. या वेळी अशी पक्की जाळी घालतो, की जन्मभर जागची हलणार नाही. तुम्ही फक्त हो म्हणा.”

बाई शेंगा निवडत राहिल्या...

“ठकीला बघितलंस?”

“स्कॅन बघितला ना.”

“ठकीला?”

शौनकनं पुन्हा फिल्मकडं बघितलं.

बाई उठल्या. शेंगा पदरात घेतल्या आणि मागच्या गोठ्याकडं निघाल्या. शौनक फिल्म घेऊन मागोमाग, आणि हातातली कामं टाकून आम्हीही. बाईंनी कडी काढली आणि दार सताड उघडलं.

“बाई! पळून जाईल ती!”

“कशी पळेल? तिचा गुडघा उघडायचाय ना उद्या?”

ठकी बाहेर आली. पदरातली एक शेंग तिनं ओढली, शौनककडं एकवार बघितलं, आणि जी काय उधळली!

“अहो, धरा! धरा तिला!”

धरतंय कोण? शौनक स्वतःच धावला. पाण्याच्या टाकीला वळसा, मेंदीच्या कुंपणातून पलीकडं, परत टाकीकडं. ठकी विटांच्या ढिगावर टुणकन चढली आणि वरून तिनं खाली उडी टाकली. नेमकी त्याच पायावर. ठकीनं अंग झटकलं आणि पुन्हा पळाली!

मग मात्र आम्हाला आवरेना. टाळ्या काय, शिट्ट्या काय! मला तर आनंदानं रडूच फुटलं.

शेवटी शौनक गवतात फतकल मारून बसला. धापा टाकत होता, हसत होता. फिल्म कुठं पडली त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. मग ठकी आपणहून त्याच्याजवळ आली. त्यानं तिचा गुडघा दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू चाचपला. त्याचे डोळे भरून आले.

“किती छान झालाय गं तुझा गुडघा...”

बाई शेजारी येऊन बसल्या. शौनक हळूच म्हणाला, “पण बाई, माझं तिच्यात काहीच नाही का उरलं?”

“लहानपणी पांगुळगाड्यावर चालायला शिकलास?”

“हो. आजोबांनी केलेला. लाकडी.”

“कुठंय आता?”

“कुणास ठाऊक... चुलीत गेला असेल.”

बाईंनी पदरातली शेवटची शेंग ठकीपुढं धरली.

“मग आत्ता एवढा धावलास, तो कशाच्या आधारानं?”