पाण्याची स्वारी

शेंद्रीगडच्या राजबागेतलं कारंजं बंद पडलं आणि राजा रणधवल खवळला.

"माझ्या राज्यात माझ्याच कारंज्याला पाणी नाही? कोतवाल!"

कोतवाल मान खाली घालून म्हणाला, "सरकार, लोक माजलेत. रात्री पाट फोडतात."

लोक माजले नव्हते, पण ते कळायला कोतवालाला दरबार सोडून उन्हात जावं लागलं असतं. नदीचा पाट गावोगावच्या शेतांवरून वाहत सगळ्यांत शेवटी राजबागेत पोचायचा. यंदा राजाने हुकूम काढला होता : बाग भिजेपर्यंत पाटातून शेतांत पाणी सोडणारी तोंडं बंद! मिरची वाळतेय आणि तिच्यासमोरून पाणी कारंज्याकडे चाललंय, हे कोण बघत बसेल? पाटावर शिपाई उभे केले, तर एका शिपायाने भाला बाभळीला टेकवला आणि पाणी आपल्याच सासऱ्याच्या शेतात वळवलं!

मग चौकशी झाली. म्हणजे कोणालाही काही न विचारता सटवाजी पाटकऱ्याला कोठडीत टाकलं. सटवाजी पाटाचं पाणी वाटायचा. त्याने बांधावरून हाक दिली की माणूस मुकाट्याने आपल्या शेताचं तोंड बुजवायचा. ज्याचं लोक ऐकतात, त्यानेच लोकांना फितवलं असणार, असा कोतवालाचा तर्क!

सटवाजीची मुलगी राही तडक दरबारात आली. खांद्यावर बापाचं फावडं.

"माझ्या बापाला सोडा, सरकार."

"आधी सांग," राजा म्हणाला, "तुझ्या बापाच्या नुसत्या हाकेने लोक पाणी सोडतात आणि माझ्या भाल्यांपुढे सोडत नाहीत. जादूटोणा करतो काय?"

"जादू कसली! त्याने सख्ख्या मेव्हण्याचं तोंड आधी बुजवलं, मग दुसऱ्याला हाक मारली. आई दोन महिने बोलत नव्हती त्याच्याशी!"

दरबारात खसखस पिकली. राजा चिडला.

"फार बोलतेस! मग ऐक. शिपाई नाही, दंड नाही, लाच नाही. येत्या पौर्णिमेला माझं कारंजं उडालं पाहिजे. उडालं तर बाप सुटेल. नाही उडालं तर बाप आतच राहील आणि तू माझ्या मुदपाकखान्यात जन्मभर दळण दळशील!"

"कबूल. पण पाण्याची पाळी मी लावणार, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे. दसऱ्याला सरकारांची स्वारी निघते ना, अगदी तशी."

राजाची कळी खुलली. "मानाप्रमाणे? मग तर माझी बाग पहिलीच! दिला शब्द!"

राहीने गावोगाव पाळी सांगितली : आधी लहान शेतं, मग मोठी, मग इनामदार, आणि सगळ्यांत शेवटी राजबाग. दुसऱ्या दिवशी तिला दरबारात खेचून आणलं.

"शेवटी?" राजा गरजला. "हाच का माझा मान?"

"सरकार, दसऱ्याच्या स्वारीत सगळ्यांत पुढे कोण चालतं?"

"शिंग फुंकणारा."

"त्याच्या मागे?"

"नगारा, निशाण, घोडेस्वार, सरदार."

"आणि सरकारांचा हत्ती?"

"अर्थात शेवटी! मी काय शिंगवाला आहे पुढे चालायला?"

"तेच म्हणते मी!" राही म्हणाली. "मग पाण्याच्या स्वारीत सरकारांना शिंगवाल्याच्या जागी उभं केलं कोणी?"

प्रधानाने उपरण्यात तोंड लपवलं. राजाने कोतवालाकडे असं पाहिलं, की जणू हुकूम त्यानेच काढला होता.

"बाग शेवटी!" राजा ओरडला. "आणि पुन्हा कोणी मला शिंगवाला केलं तर याद राखा!"

पाळी सुरू झाली. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत बाग कोरडीच होती. राजाला राहवेना. साधं मुंडासं बांधून तो एकटाच पाटाच्या बांधाने निघाला. पाहतो तर शिपायाचा तोच सासरा, गोंदाजी, आपली पाळी संपल्यावरही तोंड हळूच उकरत होता. जवळपास शिपाई नव्हता. राही तर पार वरच्या गावात होती. पण शेजारच्या शेतातून एक म्हातारी कडाडली,

"ए गोंद्या! तिकडं राजा पाळीला थांबलाय आणि तुला घाई? राजापेक्षा मोठा झालास व्हय रं?"

"चुकून सरकली गं माती, आत्ये!" असं म्हणत गोंदाजीने तोंड बुजवलं आणि वर पायाने माती चोपली.

राजा आल्या वाटेने परतला. आपल्या नावाने कोणी कोणाला दटावतंय आणि त्यात एकही शिवी नाही, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

पौर्णिमेला कारंजं उडालं! सटवाजी सुटला. राजाने राहीला भर दरबारात बोलावलं.

"आजपासून पाटकरी तू. बक्षीस म्हणून नदीजवळचा, पाटाच्या तोंडाशी असलेला मळा घे. पाणी आधी तुझ्याच दारात!"

"नको, सरकार! आधी मीच पाणी प्यायले, तर उद्या माझी हाक गोंदाजी तरी ऐकेल का? द्यायचाच तर राजबागेच्या मागचा पडीक तुकडा द्या. बाग भिजल्यावर उरेल ते पाणी माझं."

राजाने भुवया चढवल्या. "थांब, थांब! स्वारीत माझा हत्ती शेवटी, आणि तू त्याच्याही मागे? म्हणजे माझ्याहून मोठी झालीस की!"

सटवाजीने डोळे मिटून घेतले.

"छे हो, सरकार!" राही म्हणाली. "हत्तीच्या मागे लीद उचलणारा असतोच की!"

राजा असा हसला, असा हसला, की मुकुट निसटून मांडीवर पडला. तो सावरत त्याने राहीला बागेमागचा तुकडा दिला, वर एक बैलजोडी दिली, आणि कोतवालाकडे वळून म्हणाला,

"कोतवाल, बाईंचं फावडं घ्या खांद्यावर आणि चला त्यांच्या मागे!"