कुंभारगल्लीचा नळ आणि राजेसाहेबांची हरकत

"एक ठराव आणा. एकच! ज्यावर देवशिंगीतल्या एकाही माणसाची हरकत नसेल," राजेसाहेब म्हणाले. "नाही जमलं, तर नगरपालिकेला कुलूप."

सातही सभासदांच्या तोंडचं पाणी पळालं. पेटलं होतं तेही पाण्यावरूनच. राजवाड्यातल्या कारंज्यासाठी राजेसाहेबांनी कुंभारगल्लीच्या नळाचं पाणी मागितलं आणि लोकांनी निवडून दिलेल्या या सातांनी चक्क नाही म्हटलं. राजेसाहेब खवळले. आपल्या वडिलांच्या राज्यात एक तक्रार नव्हती आणि तुमच्या दारातली हरकतीची पेटी रोज भरून वाहते, असं त्यांनी सुनावलं. अटीही त्यांनीच घातल्या. रीतीप्रमाणे गावात नोटीस लावायची, आठ दिवस थांबायचं, आठव्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत पेटीत एक जरी चिठ्ठी पडली तरी ठराव बाद. असे तीन ठराव बाद झाले की नगरपालिकेला कुलूप आणि नळ कारंज्याला.

नोटिसा चिकटवायचं काम तानूबाईचं. नवरा नगरपालिकेत शिपाई होता, तो गेल्यावर खळीची बादली आणि कुंचा तिच्या हाती आला. राहायला ती कुंभारगल्लीतच. नळ येण्याआधी ओढ्यावरून घागरी वाहून वाहून तिचे गुडघे कामातून गेले होते. नळ गेला तर पुन्हा ओढा, आणि आता ओढ्यापर्यंत जाणं तिच्याच्याने होणार नव्हतं.

आपल्या हुद्द्याचा तिला फार गर्व होता असं मात्र नाही. "वीस वर्सं नोटिसा लावतीया," ती सांगायची. "शेळ्या खळीसाठी कागद खात्यात आन् माणसं न वाचताच हरकत घेत्यात. गावचा कारभार माझ्यापरीस शेळीला जास्ती ठावा." हरकत घेण्यात तीही कुणाला हार जाणारी नव्हती. स्वतः थापलेल्या भाकरीलाही पहिलं नाव तीच ठेवायची.

पहिला ठराव झाला चौकात लिंबाचं झाड लावण्याचा. अकरा हरकती आल्या. सावली पापडांवर पडेल, कावळे बसतील, आणि इतकी वर्षं का लावलं नाही? दुसरा ठराव खुद्द राजेसाहेबांच्या अभिनंदनाचा. त्यावर चोवीस! कुणाला विशेषणं कमी वाटली, कुणाला जास्त. एक चिठ्ठी तर सभासदाचीच निघाली, त्याचं नाव सर्वांत खाली छापलं म्हणून.

उरला एक. अध्यक्ष दत्तोपंत शिराळे कपाळाला हात लावून बसले होते. या गावाला स्वर्ग दिला तरी जिना कुठल्या बाजूला यावर भांडतील, असं ते पुटपुटले.

"मंग भांडू द्या की," बादली खाली ठेवत तानूबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"आवो, या गावाची हरकत काढून घेणं म्हंजी माझी जीभ काढून घेणं. काढायला जाऊ नका. उलट घेऊ द्या! ठराव असा करा, की दर सोमवारी सकाळी कुनीबी यावं, कशावरबी हरकत घ्यावी आन् तुमी सातांनी ती उभं राहून ऐकावी."

उभं राहून म्हटल्यावर सातांचेही चेहरे पडले. दत्तोपंतांनी गुडघ्यांचं नाव काढलं, तेव्हा तिने आपले दाखवले. ठराव एकमताने मंजूर झाला.

या खेपेला तिने खळीत मिरचीपूड कालवली. शेळ्यांनी कागदाला तोंड लावलं नाही आणि लोकांना पहिल्यांदाच अख्खी नोटीस वाचायला मिळाली. लखू तांबोळी सवयीप्रमाणे कानावरची पेन्सिल काढून आला. वाचलं, पुन्हा वाचलं. हरकत घ्यावी तर सोमवारच हातचा जाणार! पेन्सिल कानावर ठेवून तो सोमवारची यादी करायला घरी गेला. गावभर हेच चाललं होतं. सगळ्यांत कठीण गेलं ते तानूबाईला. चौकातली नोटीस तिच्याच हातून वाकडी लागली होती आणि हरकत घ्यायला ती चार वेळा पेटीपाशी जाऊन परत आली.

नवव्या दिवशी राजेसाहेब स्वतः आले. पेटी उपडी केली. आतून एक वाळकं पान पडलं.

"अस्सं!" राजेसाहेब म्हणाले. "मग माझीच हरकत लिहून घ्या. लावा कुलूप."

दत्तोपंतांची पाचावर धारण बसली. तानूबाई पदर सावरून पुढे आली.

"म्हाराज, मुदत काल दिस मावळताना संपली. अट तुमचीच. पर तुमची हरकत वाया जायची न्हाई. सोमवारी या. सातजण उभं राहून ऐकत्याल."

"आमच्या वडिलांच्या काळात हे असलं नव्हतं, बाई. एकाचीही हरकत नव्हती!"

"कशी असंल म्हाराज? तवा पेटी कुठं व्हती?"

राजेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या पेटीकडे पाहिलं. ओठांचा कोपरा हलला आणि ते असे काही हसले की पागोटं सावरावं लागलं.

सोमवारी रांगेत पहिले राजेसाहेबच! कारंजं कोरडं आहे ही त्यांची हरकत. सातजणांनी ती उभं राहून शेवटपर्यंत ऐकली आणि अदबीने पुन्हा नाही म्हटलं. राजेसाहेब पुन्हा हसले. त्याच दुपारी त्यांनी कारंज्याचं पितळी सिंहमुख काढवून तानूबाईला बक्षीस दिलं आणि कुंभारगल्लीच्या नळावर बसवून घेतलं. सगळी गल्ली बघायला लोटली. सिंहाच्या जबड्यातून पाणी धो धो घागरीत पडू लागलं.

तानूबाईने मान इकडे कलवली, तिकडे कलवली.

"जरा वाकडा बसलाय," ती म्हणाली.

"सोमवारी या," दत्तोपंत म्हणाले.