शेवटच्या होडीची घंटा

होड्या बोलत असत आणि खाडी ऐकून घेत असे, त्या काळातली ही गोष्ट.

खाडीच्या मुखाशी शिडाच्या होड्यांचं एक मंडळ होतं. त्यांच्या धक्क्यावर पितळी घंटा टांगलेली होती. शर्यत कोणीही जिंको, घंटा वाजायची ती शेवटची होडी परतल्यावरच. तोवर एकही होडी शीड उतरवत नसे. न जाणो, कुणाला शोधायला जावं लागलं तर!

एका वर्षी चपळा नावाची नवी होडी पहिली आली. एक म्हातारी रेवती सोडून बाकीच्याही परतल्या, तशी चपळा कुरकुरली, "घंटाताई, जिंकले मी, आणि तू वाजणार त्या रखडत येणाऱ्या रेवतीआजीसाठी? हा कुठला न्याय?"

घंटेलाही वाट बघून बघून कंटाळा आला होता. विजयाची बातमी आपण द्यावी, असा मोह तिला पडला. तिने दणदणीत टोल दिले. सवयीने साऱ्या होड्यांनी शिडं उतरवली आणि गप्पा रंगल्या.

खडकांपलीकडे डोलकाठी मोडून अडकलेल्या रेवतीनेही ते टोल ऐकले. हाक मारायला उघडलेलं तोंड तिने मिटलं. "सगळ्या पोचल्या म्हणायच्या," ती स्वतःशीच म्हणाली. "आता कोण येतंय?"

सकाळी भरतीबरोबर तिची एक फळी तेवढी धक्क्याला लागली.

पुढच्या वर्षी चपळा पुन्हा पहिली आली. मागोमाग बाकीच्याही आल्या. अंधारून आलं, तरी घंटा गप्पच.

"वाजव ना गं," चपळा हळूच म्हणाली. "आल्या की सगळ्या."

"शेवटची अजून यायचीय," घंटा म्हणाली.

उतरवायला घेतलेलं शीड चपळाने पुन्हा चढवलं.