टर्बोची अक्षरं

कोल्हापूरच्या एका मोटार क्लबाचे अध्यक्ष धैर्यशील सरनोबत यांच्या गाडीचा थाट काय सांगावा! लालभडक रंग आणि मागे हातभर अक्षरांत चिकटवलेलं ‘टर्बो’. घाटाची शर्यत जिंकेल त्याला क्लब पुण्याच्या मोठ्या शर्यतीला पाठवणार होता.

मृणाल चौगुले आली ती आत्याची जुनी मोटार घेऊन. दाराला पोचा, सीटांवर क्रोशाची कव्हरं. वर्षभर खपून तिनं आत इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो बसवला होता, पण बाहेरून काही म्हणजे काही बदललं नव्हतं.

“पोरी, ही लोणच्याच्या बरण्या न्यायची गाडी,” सरनोबत हसले. “घाट चढली तरी पुष्कळ झालं.”

गाडी चढली. सरनोबत माथ्यावर पोचले तेव्हा मृणाल थर्मासमधला चहा ओतून घेत होती.

सरनोबतांनी लगेच तिचं बॉनेट उघडायला लावलं आणि आतला टर्बो बघून ओरडले, “फसवणूक! टर्बो चालतो, पण मग गाडीवर लिहायला नको? हिला बाद करा!”

“बरोबर आहे. आता तुमचंही बॉनेट उघडा,” मृणाल म्हणाली.

पंचांनी उघडलं. आत साधं इंजिन, टर्बोचा पत्ताच नाही.

मृणालनं लाल गाडीवरच्या अक्षरांची कड नखानं हळूच उचलली. “साहेब, माझ्या गाडीत आहे ते लिहिलेलं नाही आणि तुमच्या गाडीवर लिहिलंय ते आत नाही. एवढी अक्षरं मला द्या, दोन्ही गाड्या खऱ्या होतील.”

पुण्याला निघालेल्या जुन्या मोटारीत पुढच्या सीटवर आत्या बसली होती. मागे हातभर अक्षरं होती, आणि ती सरनोबतांनी स्वतःच्या हातानं चिकटवली होती.