शड्डू ठोकला म्हणजे झालं?

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात एक पाठशाळा होती आणि पाठशाळेची स्वतःची तालीम होती. तालमीत एक रीत होती. पडलेला मल्ल उठला आणि त्याने मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला, की तो ठणठणीत. लगेच हलगी वाजायची, कुस्ती पुढे सुरू. त्याला दुसरं काही विचारायचं नाही, हा त्याचा मान समजला जाई. असला कसला मान! पण तेव्हा कुणाला तसं वाटलं नाही.

उदयन हा तिथला सगळ्यांत गुणी विद्यार्थी. राजासमोर मोठी कुस्ती व्हायची होती. तिच्या आदल्या सकाळी सराव करताना तो पाठीवर पडला आणि त्याचं डोकं कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या दगडी काठावर आपटलं. उदयन उठला. त्याने शड्डू ठोकला. हलगी वाजली.

दुपारी जेवताना त्याने शेजारी बसलेल्या मित्राला विचारलं, "काय रे, उद्या माझी कुस्ती कुणाशी आहे?"

मित्राने सांगितलं. थोड्या वेळाने उदयनने तेच विचारलं. मग पुन्हा तेच. मित्राच्या हातातला घास हातातच राहिला.

तो धावत तालमीच्या वस्तादांकडे गेला. "वस्ताद, उदयनच्या काही लक्षात राहत नाही. त्याला उजेडही सोसत नाही. उद्या त्याला उतरवू नका, तुमच्या पाया पडतो."

"शड्डू ठोकला ना त्याने?" वस्ताद म्हणाले.

"ठोकला, पण..."

"मग झालं तर! राजासमोर कुणाला उभं करू, तुला?"

आजूबाजूचे खो-खो हसले. मित्र मान खाली घालून परत आला.

दुसऱ्या दिवशी मैदान माणसांनी फुलून गेलं. उदयनची आईही गावाहून आली होती. कुस्ती लागली. प्रतिस्पर्ध्याने साधा धक्का दिला, एरवी उदयन जागचा हललाही नसता. तो पडला. उठला. त्याने शड्डू ठोकला आणि लोकांनी आरोळी दिली.

त्याने पुन्हा शड्डू ठोकला. पुन्हा ठोकला. प्रतिस्पर्धी घाबरून मागे सरला, हलगी थांबली, तरी उदयनचा हात थांबेना. समोर कुणीच नव्हतं आणि तो ठोकतच होता! मग तो कोसळला.

वैद्यांनी त्याचा जीव वाचवला. त्याने डोळे उघडले तेव्हा आई उशाशी बसली होती. तिच्याकडे बघून त्याने अदबीने विचारलं, "आपण कोण?"

अहो, काय झालं असेल त्या माउलीचं!

मित्राकडून सगळं ऐकून राजाने वस्तादांना बोलावलं. ते हात जोडून म्हणाले, "महाराज, आपण ठीक आहोत असं त्यानेच शड्डू ठोकून दाखवलं होतं."

"ज्या डोक्याला मार बसला, त्याच डोक्यावर भरवसा ठेवलात?" राजा म्हणाला. "आणि ज्याचं डोकं शाबूत होतं, त्याला हसलात!"

ती रीत त्याच दिवशी मोडली. डोक्यावर पडलेल्याला आधी बाहेर बसवायचं, आणि वैद्य हो म्हणेपर्यंत मातीत पाय ठेवू द्यायचा नाही, असं ठरलं. त्यामुळे पुढे कित्येक मुलं वाचली. उदयनला मात्र त्याची आई शेवटपर्यंत आठवली नाही.

बोध: डोक्याला मार लागलेल्याच्या हिमतीवर विसंबू नये, त्याला थांबवणं हे भोवतालच्यांचं काम आहे.