पालथ्या घागरींचा काठ

थांबा ताई! ते जांभळं फूल हातात धरून पाण्याजवळ जाऊ नका. आधी गाडीत ठेवा. रागावू नका बापा, मी असाच बोलतो. मी दसरू, मोहटोल्याचा ढिवर. पिढ्यान्‌पिढ्या ह्याच तलावात आमची जाळी पडली. आता हातानं होत नाही, म्हणून पाहुण्यांना तलाव दाखवतो आणि वर चार शब्द सुनावतो.

काठावर ह्या मातीच्या घागरी ओळीनं पालथ्या घातलेल्या दिसतात ना, त्या बघून शहरची माणसं दचकतात. कोण मेलं, म्हणून हळूच विचारतात. अहो, मेलं कोणी नाही. एकेक घागर म्हणजे लग्न होऊन ह्या गावात आलेली एकेक सून आहे.

पूर्वी आमच्यात रीत होती म्हणे. लेक सासरी निघाली, की आईनं माहेरच्या तलावाचं पाणी घागरीत भरून द्यायचं आणि लेकीनं ते सासरच्या तलावात ओतायचं. तेवढंच पोरीला परकं वाटत नाही. नदीपलीकडून भिवरा नावाची सून आली. तिच्या घागरीत पाण्याबरोबर एक रोप होतं, फुगीर देठांचं, जांभळ्या फुलाचं. आईनं हौसेनं घातलेलं. काय ते फूल! साऱ्या बायका बघत राहिल्या. आज तुम्ही जलपर्णी म्हणता, तीच ती. गावानं तिचं नाव ठेवलं माहेरवाशीण.

आता माहेरवाशिणीला हात कोण लावणार? ती पसरत गेली. जाळं ओढावं तर मासोळीऐवजी मुळ्यांचा गुंता यायचा. डोंगा, आमची लाकडी होडी, ढकलावा तर जागचा हलत नव्हता. 'पोरी, आता तरी उपटू दे,' असं सासरा विनवायचा. पण एक देठ कोणी तोडला की भिवरा जेवण सोडायची. 'माझ्या मायची खूण हाय ते!' म्हणायची. म्हातारा बोलून दमला, पालथ्या घड्यावर पाणी. सारसांच्या कितीतरी जोड्या तेव्हा इथं घरटी करायच्या. पाणी झाकत गेलं तशा त्या उठून गेल्या. शेवटी त्या पूर्वेच्या कोपऱ्यात अंगणाएवढं पाणी मोकळं राहिलं आणि तिथं एकच जोडी अंड्यांवर बसली.

भिवराचा पोरगा चैतू तेव्हा नुकता धावायला लागला होता. आई त्याच कोपऱ्याजवळ काठावर जाळं वाळत घालत होती. पोराला समोर हिरवंगार शेत दिसलं, फुलांनी भरलेलं. तो धावत त्यात शिरला. आणि अरे देवा! पोरगं गडप! वरची पानं परत मिटली, फुलं तशीच डोलत राहिली. कुठं भोक नाही, बुडबुडा नाही. भिवरानं वळून पाहिलं तर पोरगं नाही. शोधणार कुठं? सगळीकडं सारखंच हिरवं.

तेवढ्यात कोपऱ्यातली सारस जोडी उभी राहून किंचाळायला लागली. घरटं आपोआप हलत होतं. पाण्याखालून कोणीतरी त्याला धरलं होतं! भिवरा पानं फाडत तिकडं धावली, घरट्यावर चढली, खाली हात घातला आणि चैतूला केसांना धरून वर काढलं. पोर खोकलं, रडलं, जगलं. मग तिनं पायाखाली पाहिलं. दोन्ही अंडी फुटली होती.

सांगतात, की ती जोडी उडाली नाही. अन्नाला चोच न लावता फुटक्या टरफलांशी उभी राहिली. भिवरा लेकराला उराशी धरून ते बघत होती. 'तिनं माझं दाखवलं, अन् मी तिचं तुडवलं,' म्हणून ती ऊर फुटेस्तोवर रडली.

मग पोराला सासऱ्याच्या हाती देऊन ती पाण्यात उतरली आणि स्वतःच्या हातांनी माहेरवाशीण उपटायला लागली. तिनंच हात घातल्यावर गावाची भीड मोडली. सारं गाव उतरलं. उपटून वर ओढलं, वाळवलं, जाळलं. शेवटी भिवरानं माहेरची घागर आणली, काठावर पालथी घातली आणि शपथ घेतली, की परक्या पाण्याचा थेंब ह्या तलावात पडू द्यायचा नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात सारसाची पिल्लं फिरली म्हणे.

आजही मोहटोल्यात सून आली, की घरात पाऊल टाकण्याआधी माहेरचं पाणी इथं कोरड्या मातीवर ओतते, घागर पालथी घालते आणि मगच तलावाला हात जोडते. आमच्या लेकी सासरी जातात त्या रिकामी घागर घेऊन. लोक नावं ठेवतात, ठेवू देत. आमच्या तलावात ते फूल मी जन्मात पाहिलेलं नाही.

काय म्हणालात, ताई? हे फूल वाटेत नाही घेतलं? इथंच तोडलं?

कुठं? त्या कोपऱ्यात? जिथं सारस बसलाय, तिथं?

धरा, माझी काठी धरा, मी पाण्यात उतरतो. सूनबाई! अगं ए पार्बता! चूल राहू दे, गावातल्या साऱ्या बायांना हाक मार! तलावात फूल आलंय!