लांडग्याचं नाव काढायचं नाही

मुलांनो, एका डोंगराच्या कुशीत दाट जंगल होतं आणि तिथे एक सायाळ राहत असे. जंगलातल्या पिल्लांना ती शिकवी. भीती वाटली की तिचे काटे खुळखुळत, त्यामुळे बिचारीला घाबरल्याचं लपवताच येत नसे. जुन्या जाणत्या प्राण्यांची वचनं ती पिल्लांना सांगे, त्यांतही फार पूर्वी होऊन गेलेल्या एका लांडग्याची जास्त. लांडगा हुशार खरा, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "सशाला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," असंही तो म्हणून गेला होता. सायाळ तेही सांगे आणि वर म्हणे, "इथे मात्र लांडगा साफ चुकला. का चुकला, ते तुम्ही सांगा."

हे सशिणीच्या कानावर गेलं. तिला वाईट वाटलं, आणि वाटणारच. पण तिच्यापेक्षा माकडच जास्त तापलं. त्याने सभा भरवली. "यापुढे लांडग्याचं नाव काढायचं नाही! जो काढील तो वाळीत. पाणवठ्यावर त्याच्या शेजारी कोणी उभं राहायचं नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. सायाळीला बोलायचं होतं, पण काटे खुळखुळू लागले आणि ती मागे सरली. पुढे कासवाची वचनंही गेली, कारण ते कधीतरी बेडकांना हसलं होतं. मग हत्तीची गेली. शेवटी 'सूर्य पूर्वेला उगवतो' एवढंच शिकवायला उरलं, आणि त्यावरही घुबड नाराज होतं. आज तोंडून चुकून काय निसटेल, या धास्तीनेच सायाळ पिल्लांसमोर उभी राही.

उन्हाळ्यात वणवा लागला. सगळे हिरव्या बांबूच्या बेटाकडे पळत सुटले. पळता पळता सायाळ थबकली. लांडगा काय म्हणत असे, ते तिला आठवलं. या पिल्लांना तिने ते सांगितलंच नव्हतं! "तिकडे नको!" ती ओरडली. "परवा जळून गेलेल्या काळ्या माळावर चला! आगीला उष्टं चालत नाही!"

"हे कोणाचं वचन?" माकडाने विचारलं.

सायाळीचे काटे खुळखुळत होते. "लांडग्याचं," ती म्हणाली.

सगळे जागच्या जागी थिजले. मागून धूर येत होता, तरी माळाकडे पाऊल टाकायची कोणाची छाती होईना. प्रत्येक जण शेजाऱ्याचं तोंड बघत होता. तेवढ्यात सशिणीने आपल्या पिल्लाला पुढे ढकललं.

"शिवी मला दिलीय त्याने, तुम्हाला नाही," ती म्हणाली. "ती मी विसरणार नाही. पण वाट बरोबर असेल तर मी त्याच वाटेने जाणार."

ती काळ्या माळाकडे धावली आणि तिच्यामागे सगळे. थोड्याच वेळात बांबूचं बेट फटाफट फुटत पेटलं. माळावरच्या राखेत सगळी पिल्लं खोकत होती, पण जिवंत होती. माकड सर्वांत शेवटी आलं आणि सायाळीपासून जरा लांबच बसलं.

तात्पर्य : जाणत्याची चूक खुशाल चारचौघांत दाखवावी, पण त्या चुकीपायी त्याचं सगळंच म्हणणं पुरून टाकू नये; जे कधी कानावरच पडू दिलं नाही, ते संकटात आठवणार कुठून?